शीग

मंदाकिनीचा उजवा हात प्लास्टरमध्ये,
म्हणून यंदा करवंदांचा जॅम माझ्याकडे.
ती पलंगावरून सांगते, मी ओट्याशी उभा:
"तीन वाट्या गर, दोन वाट्या साखर."
कुठली वाटी?
"आपली."

घरात वाट्या अकरा.
एकतीस वर्षं वैधमापनात काढलेल्या माणसाने
हे कसं ऐकून घ्यावं?
एकेक नळाखाली धरली, चंचुपात्रात ओतली:
एकशे चाळीस, एकशे पासष्ट, एकशे ऐंशी,
आणि एक तिच्या माहेरची, नाव घातलेली
(नाव तिचं नव्हे, भावाचं),
दोनशेला तीन कमी.
एक ओट्यावर ठेवली, टण्ण झालं.
"हीच," ती आतून म्हणाली.
एकशे ऐंशीची होती.

मग कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता.
एक वाटी अख्खी करवंदं: एकशे बारा ग्रॅम.
एक वाटी चाळणीतून उतरवलेला गर: एकशे नव्वद.
वाटी तीच, फळ तेच.
अठ्ठ्याहत्तर ग्रॅमचा फरक, तोही माझ्या स्वयंपाकघरात!
चष्मा पुसला. काटा शून्यावर आणला. पुन्हा तेच.
बऱ्याच वेळाने उमगलं,
करवंदं शेजारी बसतात, मांडीवर बसत नाहीत.
मधल्या फटींतून वेल्ह्याची हवा
पुण्यापर्यंत फुकट येते
आणि आपण ती वाटीत धरतो.

"हवा मोजून झाली असेल तर
हाताला तेल लावा, चीक जाणार नाही नुसत्या साबणाने."

गर अडीच वाट्यांवरच संपला.
सकाळी धायरी फाट्यावर गेलो.
ठकूबाई ढेबे पहिल्या एसटीने येतात,
पाटीत खाली पळसाची पानं, वर काळा ढीग.
किलो नाही. माप.
पत्र्याचं, अर्ध्या लिटरचं, बुडाला पोचा,
शिक्का झिजून नुसतं गोल उरलेलं.
नोकरीत असतो तर पंचनामा, जप्ती, सही.
आज म्हटलं, बाई, जरा बघू.
पिशवीत चंचुपात्र होतंच.
(असतं. काही लोक छत्री ठेवतात.)
बाटलीतलं पाणी ओतलं, डोळे पातळीला आणले:
चारशे पंचावन्न.
पंचेचाळीस मिलिलिटर कमी.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पाण्याकडे पाहिलं.
"पोचा पडलाय की त्याला, साहेब.
म्हून तर शीग देतीय."

साहेब म्हणून कुणी सांगितलं होतं तिला?

माप तिने पदराने पुसलं, भरलं,
वर ओंजळीने शीग चढवली,
दोन करवंदं घरंगळली, तीही उचलून टाकली.

घरी काट्यावर: तीनशे चाळीस.
सपाट मापात दोनशे त्र्याऐंशी बसतात.
बिनपोच्याच्या खऱ्या अर्ध्या लिटरात
तीनशे अकरा बसली असती.
म्हणजे एकोणतीस ग्रॅम
माझ्याच नावावर निघतात.

किती मापं जप्त केली मी?
मंडईत, हडपसरला, जुन्नरच्या बाजारात एकदा
अठरा एकाच दिवशी.
प्रत्येकाचा पोचा लिहिला, मिलिलिटरसकट.
शिगेचा रकाना फॉर्मवर नव्हता.

तक्त्यात शेवटची ओळ घातली:
शीग =
आणि पेन्सिल तिथेच ठेवली,
कारण पातेलं उसळायला लागलं होतं.

"किती मिनिटं?" मी विचारलं.
"मिनिटं नाही. ताटलीत थेंब टाका,
ताटली तिरपी करा. पळाला तर कच्चा."

टाकला.
पळाला.
थोड्या वेळाने पुन्हा टाकला.
निघाला, आणि वाटेत थांबला.

"थांबला," मी ओरडलो.
"कितपत?"