तपासणी

बिबवेवाडीच्या आमच्या शाळेत
शनिवारी तपासणी ठेवली होती.
मुलांची नाही, आमची.
स्टाफरूममध्ये वह्यांचे गठ्ठे सरकवून
टेबलावर ते रक्तदाबाचं यंत्र.

रणपिसे बाईंचा घसा बघून डॉक्टर म्हणाली,
आठ दिवस बोलायचं नाही.
बाई हसल्या, आवाजाशिवाय.
चौथी ब. एकसष्ट पोरं.

मग ढमढेरे मामा.
घंटा देणारा हात पुढे केला,
बाही वर सारताना दोनदा म्हणाले,
मला काही होत नाही.
पट्टा फुगला. सुटला. पुन्हा फुगला.
झोप लागते का मामा?

मामा भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत राहिले,
उत्तर मधल्या सुट्टीच्या रकान्यात असल्यासारखे.
"मंडळी गेल्यापासून
तीनलाच उठून बसतो.
सहाला निघायचंच असतं म्हणा."

अठरा वर्षं आम्ही त्यांना विचारत आलो:
खडू आले का,
पाणी आलं का,
साहेब आलेत का.

सोमवारी घंटा चार मिनिटं उशिरा झाली.
घड्याळाकडे कुणी बघितलं नाही.
बाईंनी पोराची पाटी घेतली,
लिहून मामांपुढे धरली: झोपलात?

मामांनी तळहाताने पुसली,
बाईंच्याच खडूने
खाली कोपऱ्यात लिहिलं,
थोडं.