चार कान

काचेच्या खोलीत बसवलंय मला.
बाहेरची मुलगी सांगते, आवाज आला की हात वर करायचा,
कितीही बारीक असू दे, डेल्फिना आजी.
मी हसते. हेच काम केलंय मी बाई,
तुझी आई जन्मली नव्हती तेव्हा.

न्यू बेडफर्ड, त्रेचाळीसचा हिवाळा.
बंद पडलेल्या सूतगिरणीत, तिसऱ्या मजल्यावर
लाकडी टाकी, पाण्यावर बर्फाची साय,
आणि एकेका नगाला चार कान:
डावा, उजवा, वरचा, खालचा.
मी पाण्यात शिट्टी सोडायची
आणि बघायचं, चौघांना सारखीच ऐकू येते का.
डाव्याला जास्त, तर सुकाणू डावीकडे.
खालच्याला जास्त, तर नाक खाली.
सगळ्यांना सारखं आलं म्हणजे समोरच आहे.
काय समोर आहे, ते कुणी सांगितलं नाही.

कागदोपत्री त्याचं नाव सुरुंग.
सुरुंग जागचा हलत नाही एवढं मला कळत होतं.
याला तर शेपटाशी पंखा,
पोटात मोटार, धुण्याच्या यंत्राला बसवतात तसली.
होल्कोम साहेबाची ताकीद होती,
या कानाचं त्या कानाला कळता कामा नये.
आणि आमचं काम नेमकं उलटं:
या कानाचं त्या कानाला
कळलंच पाहिजे.

एखाद्याचा कान बधिर निघायचा,
स्फटिकाला केसाएवढी चीर.
खाडीत चाचणीला सोडला की एकाच अंगाला वळत राहायचा,
गोल, गोल, बॅटरी उतरेपर्यंत.
त्याच्या पाठीवर मी लाल खडूनं फुली मारायची.

युद्ध संपून तीन वर्षांनी
चर्चच्या जत्रेत, भाजल्या मांसाच्या धुरात
नणंदेचा नवरा ऑगस्टिन्यो दोन ग्लासांनंतर बोलला.
तो विमानात होता, मागच्या जागेवर.
पाणबुडीनं बुडी मारेपर्यंत थांबायचं, असा हुकूम.
काय पडतंय ते खालच्यांना दिसता कामा नये.
फेस विरायच्या आत, अगदी खालून उडत, सोडलं.
मग काहीच नाही.
"ते ऐकत होतं ना खाली," म्हणाला,
"म्हणून आम्हीही कुजबुजत होतो,
एवढ्या इंजिनाच्या घरघरीत."
सहा मिनिटं. सात.
मग पाणी फुगलं, जरासंच,
भाकरीला पदर सुटतो तसं.
तेल आलं. आणि तेलावर लिंबं.
वीसेक असतील, पिवळीधमक.
"लिंबं, डेल्फिना," तो म्हणाला
आणि अजून एक ग्लास मागितला.

मी विचारलं नाही,
त्याला येताना खाली कुणी ऐकलं असेल का.
त्यांच्याकडेही एक असणारच, कानाला यंत्र लावून बसलेला,
विशीतला, माझ्यासारखाच तिखट कानाचा.
आमचा पंखा बारीक वाजायचा.
त्यानं हात वर केला असेल.
कप्तान म्हणाला असेल, वेग वाढवा.
तिथेच चुकलं.
यंत्रं बंद करून, श्वास धरून
अंधारात निपचित पडले असते,
तर माझे चारही कान रिकामे फिरले असते.

त्याच वर्षी घरी धुण्याचं यंत्र आलं, हप्त्यांवर.
बटण दाबलं आणि सूर ओळखला.
जोआकिमचा सदरा हातात, मी उभीच.
अठरा वर्षं चाललं ते, एक बिघाड नाही.
मी धूत राहिले. काय करणार,
कपडे मळतात.

मुलगी काचेवर टकटक करते.
डावा छान आहे म्हणे या वयात,
उजवा गेला.
पायऱ्या उतरून मी रस्त्याला लागते,
आवाज येतो त्या अंगाला वळते,
डावीकडे, परत डावीकडे,
आणि तीच बेकरी पुन्हा समोर.
कुणाकडे लाल खडू आहे का?