मी सध्या जागेवर नाही

रजेवर जाताना यंत्राला चार ओळी दिल्या.
दिल्या म्हणजे, त्याच्याकडं त्या तयारच होत्या,
मी फक्त तारीख अन् नाव घातलं:
‘मी सोमवारपर्यंत रजेवर आहे.
आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
तातडीचे असल्यास श्री. हत्तीअंबीरे यांच्याशी संपर्क साधावा.
आपला नम्र, भ. लोमटे.’
नम्र हा शब्द माझ्या तोंडून कुणी ऐकलेला नाही,
निदान जालन्यात तरी.

अन् गेलो कंधारला, साडूच्या वास्तुशांतीला.

हत्तीअंबीरेही त्याच दिवशी रजेवर गेला.
मला कसं कळणार?
टेबलं समोरासमोर, मधे बियाण्यांच्या नमुन्यांचं कपाट,
तो सिनिअर झाला त्या दिवसापासून
दोन वर्षं त्या कपाटाशीच बोललो आम्ही.
त्यानंही जाताना यंत्राला माझंच नाव सांगितलं.
दुसरं कुणाचं सांगणार, लॅबमध्ये उरलोय दोघंच.

गुरुवारी रात्री कुठल्या तरी ताडपत्रीवाल्याची जाहिरात आली.
माझ्या यंत्रानं ती त्याच्याकडं ढकलली.
त्याचं म्हणालं, मी जागेवर नाही, लोमट्यांना विचारा.
माझं म्हणालं, मीही नाही, हत्तीअंबीऱ्यांना विचारा.
आपला नम्र.
आपला नम्र.
तिकडं एमआयडीसीत भट्ट्या लाल होत्या,
कुत्री दमून झोपली,
अन् बंद ऑफिसात आमची नावं
एकमेकांपुढं रात्रभर वाकत राहिली.

सोमवारी शोएब, कम्प्युटरवाला पोरगा, नांदेडचा,
हसू दाबत म्हणाला,
‘काका, दोन हजार एकशे सात!
एवढं काय बोलायलेत दोघं?’
साहेबांनी सांगितलं, बसा एकत्र अन् पुसा.
बसलो. खुर्च्या लावल्या, गुडघे लागू न देता.
पुसत गेलो.

चौदाशेच्या पुढं कुठं तरी वहिदाआपा निघाली.

एकतीस वर्षं इथं ओल्या कागदावरचे कोंब मोजले तिनं,
शंभरात किती, शंभरात किती.
नातवाकडून लिहून घेतलेलं:
‘लोमटेभाऊ, शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं
हैदराबादला चालले, मुलाकडं. कायमची.
भांडी विकली. कपबश्या तीन ठेवल्यात.
चहाला या. हत्तीअंबीरेला पण आणा,
भांडण घरी ठेवून.’

त्याच मिनिटाला मी तिला कळवलं होतं
की तिचा संदेश महत्त्वाचा आहे.

तिनं लिहिलं, ‘भाऊ, सोमवारी मी नसेन.’
मी कळवलं, सोमवारपर्यंत मी नाही.
सांगितलं तशी ती बिचारी हत्तीअंबीरेच्या दारात गेली.
त्यानं माझ्या दाराकडं बोट दाखवलं.
म्हातारं माणूस, परत आली.
शेवटचं पत्र शुक्रवारचं, संध्याकाळी सहाचं:
‘बरं. तातडीचं काही नाही.’
त्यालाही माझं उत्तर गेलंय.
त्याखालीही मी नम्रच आहे.

हत्तीअंबीरेनं चष्मा काढला, शर्टाला पुसला.
दोन वर्षांनी पहिलं वाक्य बोलला:
‘तीन ठेवल्या होत्या रे.’

नवीन असताना मी न उगवलेले सगळे दाणे
मेलेल्यांच्या रकान्यात लिहायचो.
आपा हात धरायची. ‘असं नका करू बाबा.
दाबून बघा आधी. पिचकलं तर गेलेलं.
कडक लागलं तर झोपलंय.’

दोघांनी मिळून तिला लिहिलं. चार ओळी झाल्या,
दोन त्याच्या, दोन माझ्या,
खाली काय लिहावं यावर अर्धा तास गेला.
नुसती नावं लिहिली.
पाठवलं, अन् बघत बसलो पडद्याकडं,
लगेच काही परत येतं का.

आलं नाही काहीच.
बोटानं दाबून बघावं असं काही हाताशी नव्हतं.
घरी जायची वेळ झाली, कपाटाला कुलूप लावलं,
मी उठलो तर तो म्हणाला,
‘थांबू जरा.’