चूकभूल

दुसऱ्या पानावर, खाली डावीकडे,
हवामान आणि नदीची पातळी यांच्या मधे
नेल्बा बेंतांकोरची चौकट असायची.
दोन बोटं रुंद. कधी तीन ओळी, कधी एकच.
“काल आम्ही चुकलो” अशी सुरुवात,
पुढे काय, कुठे, कोणामुळे.
कोणामुळे, हे ती कधी गाळायची नाही,
मालकाचं नाव असलं तरी.

सत्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये तीच चुकली.
फागुन्देस भावांपैकी गेला धाकटा,
छापला थोरला.
सकाळी सातपर्यंत साल्तोभर अठराशे प्रती पोचल्या होत्या,
खाटकाकडे, न्हाव्याकडे, बंदराच्या कचेरीत,
आणि आतालिवा फागुन्देस, बोटीवरचा तांडेल,
स्वतःच्या मरणाची बातमी मांडीवर घेऊन
कडू येर्बा ओढत पायरीवर बसला होता.

नेल्बा चालत गेली.
दार वाजवलं नाही, अंगणातच उभी राहिली.
तो म्हणाला, “ये, मेलेल्याच्या हातचं पी.”
एकच भोपळा, एकच नळी, दोघांत फिरली.
धाकट्याला आतल्या खोलीत ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशीची चौकट मला पाठ आहे:
“आतालिवा जिवंत आहेत. चूक माझी. दोघाही भावांची माफी.”
ती दोन्ही कात्रणं त्याने पस्तीस वर्षं
पाकिटात बाळगली, घामाने पिवळी पडलेली.
दुकानात पैसे देताना काढून दाखवायचा:
हे बघ, इथे गेलो.
हे बघ, इथे आलो.

छपाईयंत्र भंगारात गेलं त्या वर्षी मी लागलो.
कचेरी आता न्हाव्याच्या दुकानावर, एक खोली, एक खिडकी.
बातमी मी उभ्याउभ्या टाकतो,
आणि कोणी चूक सांगितली की बोट लावून मिटवतो.
पांढऱ्यावर काळं राहिलंय कुठे?
आहे तो नुसता उजेड,
आणि उजेडावर डाग पडत नाही.

गेल्या मार्चमध्ये आतालिवा खरंच गेला.
मी लिहिलं: मागे दोन मुली.
चाळीस मिनिटांनी नदीपलीकडून, कोन्कोर्दियाहून फोन आला.
“मी तिसरी. ओन्दिना.”
आवाज चढवला नव्हता तिने.
मी दोनचं तीन केलं. अकरा सेकंद.
“बघा आता,” म्हणालो, “झालं.”
ती बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली,
“म्हणजे मी आधीपासूनच होते?”

त्या चाळीस मिनिटांत दोनशे तेरा जणांनी ते वाचलं.
आकडा आहे माझ्याकडे, मिनिटागणिक आलेखासकट.
चालत कोणाकडे जाऊ?

नेल्बाकडे गेलो. ब्याऐंशीची आहे,
भिंग घेऊन अजून औषधांच्या चिठ्ठ्यांतलं शुद्धलेखन तपासते.
सगळं ऐकून घेतलं तिने, मग एवढंच,
“चुकलेलं कुठे आहे? दाखव.”
मी फोन पुढे केला. तीन मुली. स्वच्छ.
“हे नाही,” ती म्हणाली. “चुकलेलं.”

शोधलं मी. साठवणीत, मसुद्यांत, कचऱ्यातसुद्धा.
मीच पुसलं होतं,
नीट, सवयीने,
जेवल्यावर ओठ पुसावेत तसं.

हिशेबाच्या तळाशी लिहायची रीत होती:
चूकभूल द्यावी घ्यावी.
देणारा लागतो, घेणारा लागतो,
आणि मधे हातात धरता येईल
अशी एक चूक.

तेव्हा ही चौकट. दोन बोटांत मावली नाही,
नेल्बाने निम्मी कापली असती.
पंधरा मार्चला आम्ही चुकलो.
दुपारी चाळीस मिनिटं ओन्दिना फागुन्देस
कोणाचीच मुलगी नव्हती.
चूक माझी. वाल्तेर इरिगाराय.

नदीची पातळी: चार मीटर दहा. उतरती.