जाडसर

कर्वे रस्त्यावर मी सात क्लास पाहिले.
सातही दुसऱ्या मजल्यावर, सातही जिन्यांत
हसणाऱ्या मुलांचे फोटो, खाली पगाराचे आकडे.
"सहा आठवड्यांत वेब डेव्हलपर," एक जण म्हणाला.
मी विचारलं, कोड लिहिण्याआधी
तो कसा वागावा, हे लिहायला कोण शिकवतं?
त्याने मला पाण्याचा ग्लास दिला
आणि वीस टक्के सूट.

हिंजवडीच्या कँटीनमध्ये गदादे म्हणाला,
"आमच्याकडे टेस्टर होत्या, बोंद्रे मॅडम.
चौदा रिलीज अडवले बाईंनी.
त्या निवृत्त झाल्या तेव्हा मॅनेजरने पेढे वाटले
आणि पुढच्याच महिन्यात रडत फोन केला, त्यांनाच.
कर्वेनगरात राहतात. गिरणीच्या वर."

शनिवारी गेलो. घर बारीक थरथरत होतं,
मांडणीतल्या वाट्या आपसात किणकिणत होत्या.
मी फी विचारली. त्यांनी डबा पुढे केला.
"पाच किलो गहू. दळून आणा."

आणला. त्यांनी चिमूटभर पीठ बोटांत चोळलं.
"बारीक आहे. मला जाडसर लागतं."
तुम्ही सांगितलं नव्हतं, मी म्हणालो.
"तुम्ही विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या,
आणि पहिला धडा तिथेच संपला.
अकरा मिनिटं. चहासुद्धा नाही.

पुढच्या शनिवारी लॅपटॉप उघडायला दिला.
"खालच्या गिरणीचं पान करायचंय. घरबसल्या नंबर लावायचा."
मी टाइप केलं: जेव्हा वापरकर्ता बटण दाबतो
"थांबा. खाली बटण एकच आहे
आणि ते ढमाले दाबतात.
वापरकर्ता नावाचा माणूस मी अजून पाहिलेला नाही.
जा, बसा खाली."

दोन शनिवार पोत्यावर बसून काढले.
भुवया पांढऱ्या, वही पांढरी, लिहू काय ते कळेना.
मग नववीतली भूमिती आठवली,
पाटील सरांची तिरकी पट्टी, आणि फळ्यावर पहिला शब्द: पक्ष.
जे आधीच दिलेलं आहे, ते.

पक्ष: गिरणीत आत्ता बाजरी चालू आहे.
जेव्हा गव्हाचा डबा येतो
तेव्हा ढमाले मधे घालायला ज्वारी शोधतात.

पक्ष: उद्या एकादशी.
जेव्हा राजगिरा येतो
तेव्हा तो पहाटे, पुसलेल्या गिरणीत, सगळ्यांच्या आधी,
नाहीतर परत.

पक्ष: लाईट गेली आहे.
तेव्हा काहीच नाही. ढमाले तंबाखू मळतात.
माणसं घरी जातात
आणि रांग डबे धरून ठेवतात.

मॅडमनी वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला.
"मला कळून काय उपयोग? त्यांना वाचून दाखवा."
दाखवलं. पट्टा थांबवून ढमाल्यांनी ऐकलं,
कानातलं पीठ करंगळीने काढलं.
"आणि ज्वारी नसली तर?"
चौथा प्रसंग त्यांचा आहे.

त्या रात्री पहिल्यांदा कोडला हात लावला.
सगळ्या चाचण्या लाल. दीड वाजता एक हिरवी,
अडीचला दुसरी, ती परत लाल,
कारण एकादशी महिन्यातून दोनदा येते हे मी विसरलो होतो.

एक अजून लाल आहे.
गिरणीच्या कोपऱ्यात तीन आठवडे पडलेला डबा,
झाकणावर खडूने: वैद्य, ब विंग.
दळून झालंय. कुणी नेलेलं नाही.
जेव्हा, एवढं लिहून मी थांबलो.
ढमाल्यांना विचारलं. ते म्हणाले, येतील की.
मॅडमना विचारलं.
"मग राहू दे लाल," त्या म्हणाल्या.
"जे आपल्याला माहीत नाही, ते हिरवं करू नका."

निघताना त्यांनी पुन्हा डबा हातात दिला.
मी शहाण्यासारखा दारातच थांबलो, विचारलं,
"गहू जाडसर ना?"

"आज ज्वारी आहे," त्या म्हणाल्या.
"आधी झाकण उघडून बघा."