सोळा गुणांचा प्रश्न

प्रश्न चौथा, सोळा गुण:
बालविकासाच्या प्रमुख उपपत्तींची तुलना करा.

दिवाळे गावच्या अंगणवाडीत अकरा वर्षं
मी खिचडी ढवळते, वजनं घेते, रजिस्टर भरते.
त्रेचाळिसाव्या वर्षी एम.ए.ला बसले,
तेव्हापासून रात्री, भांडी उपडी घातल्यावर,
मुलांना पुन्हा पहिल्यापासून वाढवते. कागदावर.

एक म्हणतो, मूल जिना चढतं,
पायरी गाळता येत नाही.
त्याने सांगितलं तसं करून पाहिलं:
दोन सारखे ग्लास, सारखं पाणी,
मग एकातलं ओतलं लांबड्या बाटलीत.
नक्षी तांडेल, पाच पूर्ण नाहीत,
बाटलीवर बोट ठेवून म्हणाली, "हितं जास्ती."
मी वहीत लिहिलं: पायरी दुसरी. तारीख घातली.
पोर पुस्तकाबरहुकूम चुकलं की
बाईला किती बरं वाटतं!

दुसरा म्हणतो, जिनाबिना काही नाही.
बिस्कीट द्या, मूल घडतं.
मला पटत नाही, पण खोटंही म्हणवत नाही:
बिस्किटांची गाडी आली नाही त्या महिन्यात
पटावर बावीस, चटईवर सात.
सातांत नक्षी होती.
तिला बिस्कीट मुळातच आवडत नाही.

कुणी लिहिलंय, आई खोलीबाहेर गेली की
मूल रडतं का पाहा,
परतली की बिलगतं का पाहा,
त्यावरून नातं पक्कं की कच्चं ते ठरवा.
नक्षीची आई पहाटे चारला जेट्टीवर जाते.
नक्षी रडत नाही. बिलगत तर नाहीच.
उठते, हिराकाकूंच्या ओट्यावर चहा-बटर खाते,
समोरच्या घरी वेणी घालून घेते,
त्याच्या पलीकडे कुणीतरी तिचं नाक पुसतं.
पुस्तकात अशा मुलांना एक नाव आहे.
ते मी पेपरात लिहीन, रजिस्टरात नाही.
त्या प्रयोगाच्या खोलीला दार एकच असावं.

आणि तो आणखी एक, ज्याच्या पायऱ्या
म्हातारपणापर्यंत जातात.
पहिलीवरच लिहिलंय: विश्वास की अविश्वास.
तिथे पेन्सिल टेकवून मी बराच वेळ बसले.
दाराची कडी मी अजून
रात्री तीनदा बघते.

रविवारी मासळी आणायला गेले.
आईशेजारी नक्षी मांदेलीचे वाटे लावत होती,
एक ढीग करून, एक निळ्या प्लास्टिकवर पसरून.
माझ्यातली विद्यार्थिनी निर्लज्ज आहे.
"नक्षी, कुठला जास्त?"
सोसायटीवाली बाई मासळी ताजी आहे का विचारते,
तिच्याकडे बघतात तसं तिने बघितलं.
"दोनी सारकंच हाय. धा-धा."
मी पसरलेला वाटा आणखी पसरला.
"आता?"
"तू पसरलंस म्हून काय मासली वाढली?"

मी वहीतली ती तारीख आठवत उभी राहिले.

तिला हे कुणी शिकवलं नाही.
मी तिथेच थांबून पाहिलं.
आई आठ मोजते,
नऊ नि दहा पोरीवर सोडते.
नक्षी दोन टाकते, आई पुढचा वाटा घेते.
एवढंच.
यावर एकाने अख्खं प्रकरण लिहिलंय,
माझ्या झेरॉक्समध्ये ती पानं फिकट आलीत.

पैसे देताना नक्षीने
माझ्या वाट्यावर एक मांदेली वर टाकली.
"यो तुना."
आईने पाहिलं. काही बोलली नाही.
घरी येऊन मोजली. अकरा.

सोमवारी, नेरूळच्या केंद्रावर,
पट्टीने चार रकाने आखले.
एकातलं दुसऱ्यात सांडायला लागलं,
रेघ खोडली, पुन्हा आखली.
"शेवटची दहा मिनिटं," बाई म्हणाल्या,
आणि माझी तुलना
अजून बिस्किटांवरच होती.
पेन धरलेल्या बोटांना
लिंबू चोळूनही वास.