वापरकर्त्याची चूक

बाणेरला आमच्या ऑफिसात एक खोली आहे,
तिची एक भिंत आतून आरसा, बाहेरून खिडकी.
मी बाहेर बसते वही घेऊन
आणि आतल्या माणसाचं बोट बघते.

बोट म्हणजे माझा सगळा अभ्यास.
कुठे टेकलं, कुठे घुटमळलं,
कुठे हवेतच थांबून राहिलं,
तेल तापलं का बघणाऱ्या मोहरीच्या चिमटीसारखं.

मंगळवारी चंद्रकला धिवार आल्या.
पाच घरच्या पोळ्या उरकून, वारज्याहून दोन बस बदलून.
खालचं काचेचं दार ओढायचं, त्यांनी ढकललं.
हललं नाही. त्या दारालाच म्हणाल्या,
"काय येड्यासारखं बसवलंय तुला."
वॉचमन हसला. वर येऊन एसीला नावं ठेवली,
आणि मशीनच्या चहाला विचारलं,
साखर विसरलास का महाग झाली?

मग फोन हातात देऊन मी काचेपलीकडे गेले.
दवाखान्यात नंबर लावायचा, एवढंच काम.
नाव घातलं. मोबाईल नंबर घातला, आकडे नऊ.
लाल अक्षरं उमटली:
'अवैध प्रविष्टी. कृपया वैध भ्रमणध्वनी क्रमांक प्रविष्ट करा.'

बोट हवेत.
मी सेकंद मोजत होते. अकरा.
पाठ जराशी वाकली, पदर सारखा झाला.
"माझंच चुकलं असंल," त्या फोनला म्हणाल्या,
"मला नाय येत यातलं."

दाराला येडं म्हणणारी बाई.

मी वहीत खूण केली: वापरकर्त्याची चूक.
तो रकाना आधीपासून छापलेलाच असतो.

मानधनाचं कूपन त्यांच्या फोनवर पाठवलं.
ते उघडायला ओटीपी लागत होता.
मी पर्समधून पाचशेची नोट काढून दिली
आणि लिफ्टपर्यंत काही बोलले नाही.

तसं मला हे सगळं येतं.
लाल ठिपका ठेवला की माणूस उघडून बघतोच.
'हो' नारिंगी करायचं, 'नको' राखाडी आणि बारीक.
रेघ ऐंशी टक्क्यांवर आणून ठेवली
की उरलेले वीस कुणाला सोडवत नाहीत.
गेल्या दिवाळीत एका राखाडी 'नको'साठी
मला बक्षीस मिळालं होतं, एक स्पीकर.
अजून खोक्यातच आहे.

पण त्या अकरा सेकंदांचं काय करावं कळेना.
संध्याकाळी विद्यापीठ चौकात गाडी अडकली,
आणि तिथे, हॉर्नच्या मधोमध, लक्षात आलं:
दार बोलत नाही, म्हणून त्याला बोलता येतं.
चहा कुठे शिकलेला असतो?
पडदा मात्र बोलतो खिडकीपलीकडच्या साहेबाच्या आवाजात,
'फॉर्म चुकलाय, उद्या या'वाल्या.
त्या आवाजापुढे पाठ आपोआप वाकते,
तिला पन्नास वर्षांची सवय आहे.

आणि ते वाक्य माझं होतं.
'प्रविष्ट' लिहिताना मला बरंसुद्धा वाटलं होतं,
शुद्ध लिहिल्याचं.

निहारला म्हटलं, वाक्य बदलते.
तो म्हणाला, "यानं आकडा किती टक्के हलेल?"
माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी त्या पुन्हा आल्या.
दार पुन्हा ढकललं, दाराला पुन्हा ऐकवलं.
नंबराचे आकडे पुन्हा नऊच.
पडद्यावर आता एवढंच आलं:
'एक आकडा राहिला वाटतं. बघता का?'

बोट थांबलं. तीन सेकंद.
"राहिला तर राहिला," त्या फोनवर खेकसल्या,
"घालतेय ना! दम नाय का तुला?"

मी वहीत लिहिलं,
बाई चिडल्या.
आणि खाली दोनदा रेघ ओढली.